मतपत्रिकांचे परीक्षण आणि परीक्षकाची पात्रता : ॲरिझोनातील एक प्रकरण

एखाद्या संस्थेचे हिशेब तपासून तपासनीसाने ते बरोबर असल्याचा दाखला दिला, तर त्या दाखल्याला मूल्य कशामुळे येते? त्याने केलेली बेरीज अचूक असते, एवढेच उत्तर पुरेसे नाही. बेरीज संस्थेच्या कारकुनालाही येते. दाखल्याला मूल्य येते ते तीन कारणांनी. तपासनीसाच्या अंगी त्या कामाची सिद्ध झालेली योग्यता असते. हिशेब कसाही निघाला तरी त्याचे हित वा अहित होत नाही. आणि त्याने काम कसे केले याचा जाब त्याला विचारता येतो. ही तिन्ही अंगे नसतील तर बरोबर आलेली बेरीजही कोणाचे समाधान करीत नाही.

निवडणुकीतील मतपत्रिकांच्या परीक्षणाला हेच तत्त्व लागू पडते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा कौंटीत २०२१ साली झालेल्या परीक्षणाने ते मोठी किंमत घेऊन सिद्ध केले. त्या परीक्षणाचे राजकारण सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे : परीक्षण करणाऱ्या कंत्राटदाराची पात्रता कोणी व कोणत्या कसोटीवर ठरवावयाची, आणि कायदा याविषयी मूक असेल तर न्यायालये ती उणीव कितपत भरून काढू शकतात?

१. पार्श्वभूमी

आपल्याकडे लोकसभेच्या व विधानसभांच्या निवडणुकांचे नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद ३२४ अन्वये एकाच निवडणूक आयोगाकडे आहे. अमेरिकेत तशी व्यवस्था नाही. तेथे निवडणूक घेण्याचे काम राज्यांचे असून प्रत्यक्ष मतदान व मतगणना बहुतेक ठिकाणी कौंटीच्या, म्हणजे सुमारे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, हाती असते. मॅरिकोपा कौंटीत फिनिक्स हे राजधानीचे शहर येते आणि ॲरिझोनातील निम्म्याहून अधिक मतदार याच कौंटीत आहेत. कौंटीचा कारभार पाच निर्वाचित सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ पाहते. या प्रकरणाच्या वेळी त्यांपैकी चार सदस्य रिपब्लिकन पक्षाचे होते, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे.

३ नोव्हेंबर २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ॲरिझोना राज्यात जोसेफ बायडन यांना डॉनल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा १०,४५७ मते अधिक मिळाली. मॅरिकोपा कौंटीत बायडन यांना १०,४०,७७४ आणि ट्रम्प यांना ९,९५,६६५ मते पडली. म्हणजे तेथील अंतर ४५,१०९ मतांचे होते.

या निकालाची तपासणी झालीच नव्हती असे नव्हे. काही मतदान केंद्रांच्या व टपालाने आलेल्या काही मतपत्रिका निवडून, राजकीय पक्षांनी नेमलेल्या माणसांकडून त्या हाताने मोजाव्यात, अशी तरतूद ॲरिझोनाच्या कायद्यातच आहे. ती मोजणी त्याच नोव्हेंबरात झाली व तीत तफावत आढळली नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्यवेक्षक मंडळाने 'प्रो व्ही अँड व्ही' आणि 'एस्एल्आय कंप्लायन्स' या दोन प्रयोगशाळांकडून मतगणन यंत्रांची तपासणी करून घेतली. या दोन्ही संस्थांना अमेरिकेच्या निवडणूक साहाय्य आयोगाची मान्यता होती. त्यांनाही यंत्रांत फेरफार झाल्याचे वा यंत्रे इंटरनेटला जोडलेली असल्याचे आढळले नाही.

तथापि राज्याच्या सेनेटमधील रिपब्लिकन बहुमताचे समाधान झाले नाही. सेनेटने मतपत्रिका व यंत्रे हजर करण्याविषयी कौंटीवर समन्स बजावले. मतपत्रिका मोहरबंद ठेवण्याचे कायद्याचे बंधन आपल्यावर आहे, असे कौंटीचे म्हणणे पडले आणि वाद न्यायालयात गेला. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्यवेक्षकांना अवमानाबद्दल दोषी ठरविण्याचा ठराव सेनेटमध्ये एका रिपब्लिकन सदस्याच्या विरोधी मतामुळे फेटाळला गेला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायाधीश टिमथी थॉमसन यांनी समन्स वैध ठरविले. निवडणूक कायद्यात सुधारणा करावयाची की काय हे ठरविण्यासाठी चौकशी करणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे, असा या निर्णयाचा आशय होता.

या निर्णयाची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. चौकशी करण्याचा सेनेटला अधिकार आहे, एवढेच त्याने ठरविले. ती चौकशी कोणी करावी, त्याची पात्रता काय असावी, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. कायद्यातही त्याचे उत्तर नव्हते.

२. कंत्राटदाराची निवड

३१ मार्च २०२१ रोजी सेनेटच्या अध्यक्षा कॅरन फॅन यांनी परीक्षणाचे प्रमुख कंत्राट फ्लॉरिडा राज्यातील सारासोटा येथील 'सायबर निंजाज्' या कंपनीला दिल्याचे जाहीर केले. कंत्राटाची रक्कम १,५०,००० डॉलर होती. संगणकीय कार्यप्रणालींची सुरक्षितता तपासणे हा या लहानशा कंपनीचा मूळ व्यवसाय. निवडणुकीच्या परीक्षणाचा अनुभव तिच्या खाती नव्हता. तिचे प्रमुख डग लोगन यांनी २०२० च्या निवडणुकीत लबाडी झाल्याचे दावे समाजमाध्यमांतून पुढे पाठविले होते, ही गोष्टही लवकरच उघड झाली.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेणे अवश्य आहे. २००२ च्या संघीय कायद्याने स्थापन झालेला निवडणूक साहाय्य आयोग मतदान यंत्रांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांना मान्यता देतो. मतपत्रिकांचे परीक्षण करणाऱ्यांना मान्यता देण्याची मात्र अशी कोणतीही संघीय व्यवस्था नाही. म्हणून 'या कंपनीला आयोगाची मान्यता नाही' हा टीकाकारांचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून असला, तरी यंत्रांच्या बाबतीत त्याचे जे वजन होते ते हातमोजणीच्या बाबतीत नव्हते. हातमोजणी करणाऱ्याला कायद्याने कोणतीच पात्रता लावून दिलेली नव्हती. वादाचे मूळ या रिकाम्या जागेत आहे.

प्रमुख कंत्राटदाराच्या हाताखाली आणखी कंपन्या होत्या. हातमोजणीचे काम प्रथम 'वेक टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस' या कंपनीकडे होते. पेनसिल्व्हेनियातील फुल्टन कौंटीत केलेली तपासणी हा तिचा पूर्वानुभव होय. परंतु त्या तपासणीत बाहेरच्यांना यंत्रे हाताळू दिल्यामुळे पेनसिल्व्हेनिया राज्याने जुलै २०२१ मध्ये फुल्टन कौंटीच्या त्या यंत्रांची मान्यता काढून घेतली. मे महिन्याच्या मध्यास या कंपनीचा करार संपला. तो पुढे वाढविण्यात आला नाही आणि अर्धवट झालेली मोजणी दुसऱ्या उपकंत्राटदाराच्या हाती गेली.

पैशाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. जुलै २०२१ च्या अखेरीस कंपनीने स्वतःच जाहीर केले की, खाजगी संघटनांकडून तिला सुमारे ५७ लक्ष डॉलर मिळाले. या संघटना निवडणुकीचा निकाल अमान्य करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी स्थापन केलेल्या वा चालविलेल्या होत्या. म्हणजे सरकारी खजिन्यातून मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे अडतीस डॉलर अशा पक्षकारांकडून आले, ज्यांना विशिष्ट निष्कर्ष हवा होता. हिशेबतपासनीसाचे वेतन दाव्यातील एका पक्षकाराने द्यावे, तसा हा प्रकार झाला.

३. मोजणीची पद्धत

फिनिक्स येथील व्हेटरन्स मेमोरियल कोलिझियम या क्रीडागृहात २३ एप्रिल २०२१ रोजी मोजणी सुरू झाली. सुमारे २१ लक्ष मतपत्रिका तेथे आणण्यात आल्या होत्या. फिरत्या गोल मेजाभोवती तीन मोजणीदार बसत. मतपत्रिका मेजावरून त्यांच्या समोरून फिरत जाई आणि प्रत्येकजण आपापल्या कागदावर खूण करी.

अनुभवाचा अभाव पहिल्याच दिवशी दिसून आला. मोजणीदारांच्या हाती निळ्या शाईची लेखणी दिलेली होती. निळी वा काळी शाई गणनयंत्राला वाचता येते. त्यामुळे मूळ मतपत्रिकेजवळ अशी लेखणी येऊ न देणे हा या कामातला प्राथमिक नियम होय. एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने हे निदर्शनास आणल्यावर लेखण्या बदलण्यात आल्या. काही काळ मतपत्रिका अतिनील प्रकाशाखाली धरण्यात येत होत्या. परक्या देशातून आणलेल्या मतपत्रिकांच्या कागदात बांबूचे तंतू सापडतात काय हे पाहिले जात असल्याचेही तेथील एका सहभागी व्यक्तीने पत्रकारांना सांगितले. परीक्षणात काय शोधावयाचे, कोणत्या साधनाने, आणि सापडले तर त्याचा अर्थ काय लावावयाचा, हे आधी ठरलेले नसले की असे प्रकार घडतात.

याहून बोलके उदाहरण मे महिन्यातले आहे. कौंटीने निवडणुकीच्या माहितीचा एक संपूर्ण संग्रह पुसून टाकला, असा गंभीर आरोप परीक्षणाच्या अधिकृत खात्यावरून जाहीरपणे करण्यात आला. कौंटीचे उत्तर असे होते की, काहीही पुसलेले नाही. परीक्षकांनी नकललेल्या तबकड्या योग्य रीतीने जोडलेल्या नाहीत, म्हणून त्यांना माहिती दिसत नाही. त्याच आठवड्यात सेनेटपुढील बैठकीत संबंधित उपकंत्राटदाराने ती सर्व माहिती आपल्या हाती आल्याचे सांगितले. परंतु मधल्या दिवसांत आरोप देशभर पसरला होता. परीक्षकाची अपात्रता ही त्याच्यापुरती उणीव राहत नाही. तिचे रूपांतर दुसऱ्यावरील आरोपात कसे होते, हे यावरून दिसून येते.

४. न्यायालयांतील वाद

या प्रकरणातून अनेक दावे उद्भवले. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग मतपत्रिकांची सुरक्षितता व मतदाराची गुप्तता यांविषयीचा. मोजणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्ष व पर्यवेक्षक मंडळातील त्या पक्षाचे एकमेव सदस्य यांनी दावा लावला. न्यायाधीश ख्रिस्तोफर कूरी यांनी तात्पुरती स्थगिती देऊ केली, परंतु वादींनी दहा लक्ष डॉलरांची हमी भरावी अशी अट घातली. वादींनी ती भरली नाही आणि मोजणी चालू राहिली. पुढे कंपनीच्या वकिलांत आपल्या कार्यालयात पूर्वी काम केलेली व्यक्ती आल्यामुळे न्यायाधीश कूरी स्वतः या दाव्यातून दूर झाले. त्यांच्या जागी आलेले न्यायाधीश डॅनियल मार्टिन यांनी परीक्षणाची कार्यपद्धती गुप्त ठेवण्याची कंपनीची विनंती नाकारली. मे महिन्याच्या आरंभी दावा तडजोडीने मिटला. राज्यसचिवांच्या निरीक्षकांना प्रवेश द्यावा आणि मतदारांच्या सह्या ताडून पाहू नयेत, ही त्यातील प्रमुख कलमे होत.

त्याच सुमारास संघीय न्यायखात्याने सेनेटला पत्र पाठवून दोन शंका उपस्थित केल्या. संघीय निवडणुकीची कागदपत्रे बावीस महिने सुरक्षित ठेवण्याचे बंधन १९६० च्या नागरी हक्क कायद्याने निवडणूक अधिकाऱ्यांवर घातले आहे. मतपत्रिका खाजगी कंत्राटदाराच्या ताब्यात असताना ते कसे पाळले जाणार, ही पहिली. मतदारांच्या घरी जाऊन त्यांच्या मतदानाविषयी विचारपूस करण्याची कंत्राटदाराची योजना म्हणजे मतदारांना धाक घालणे ठरणार नाही काय, ही दुसरी. यानंतर सेनेटने घरोघरच्या चौकशीची योजना अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली.

दुसरा वर्ग यंत्रांविषयीचा. मतदान यंत्र कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची अखंड नोंद असणे हा त्याच्या विश्वासार्हतेचा पाया आहे. कौंटीची यंत्रे कंत्राटदाराच्या ताब्यात असताना ही नोंद तुटली, म्हणून ती पुन्हा निवडणुकीत वापरू नयेत, असे राज्यसचिव केटी हॉब्स यांनी मे महिन्यात कळविले. यंत्रांत कोणी काही बिघडविल्याचा पुरावा त्यासाठी आवश्यक नव्हता. बिघडविलेले नाही असे खात्रीने सांगता येत नाही, एवढेच पुरेसे होते. कौंटीने नवीन यंत्रे घेण्याचे ठरविले आणि सुमारे २८ लक्ष डॉलरांचा खर्च सेनेटकडे मागितला. सप्टेंबर २०२१ मध्ये तडजोड होऊन कौंटीने ही मागणी सोडून दिली. उलटपक्षी, सेनेटने मागितलेली कौंटीच्या संगणकजाळ्यातील उपकरणे प्रत्यक्ष न देता त्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे एका त्रयस्थ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यावीत, असे ठरले. या पदावर संघीय प्रतिनिधिगृहाचे माजी रिपब्लिकन सदस्य जॉन शॅडेग यांची नेमणूक झाली. मतगणन यंत्रे इंटरनेटला जोडलेली होती असा पुरावा नाही, असा अहवाल त्यांनी मार्च २०२२ मध्ये दिला.

तिसरा वर्ग, तत्त्वदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा, सार्वजनिक अभिलेखांविषयीचा होय. परीक्षणाची कागदपत्रे पाहावयास मिळावीत म्हणून एका नागरी संस्थेने सेनेटविरुद्ध दावा केला आणि एका वृत्तपत्राने सेनेट व कंपनी या दोघांविरुद्ध स्वतंत्र दावा केला. कागदपत्रे खाजगी कंपनीजवळ आहेत, तेव्हा ती सार्वजनिक अभिलेख ठरत नाहीत, असा बचाव करण्यात आला. न्यायाधीश मायकेल केम्प यांनी तो अमान्य केला. ऑगस्ट २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. शासनसंस्थेने आपले काम कंत्राटाने दुसऱ्यावर सोपविले म्हणून त्या कामाविषयीची तिची जबाबदारी संपुष्टात येत नाही, हे या निर्णयांचे सार आहे. कंपनीने तरीही कागदपत्रे दिली नाहीत, तेव्हा ६ जानेवारी २०२२ रोजी न्यायाधीश जॉन हॅना यांनी तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून दररोज ५०,००० डॉलर दंड ठोठावला. त्याच सुमारास कंपनीने आपल्या नोकरांना काढून टाकून कारभार बंद करीत असल्याचे सांगितले.

या तत्त्वालाही मर्यादा आहे. विधिमंडळाच्या अंतर्गत विचारविनिमयाला विशेषाधिकाराचे संरक्षण असते आणि परीक्षणाविषयीच्या काही पत्रव्यवहाराला ते लागू होते, असा कौल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सेनेटच्या बाजूने दिला.

५. निष्पत्ती

कंपनीचा अहवाल २४ सप्टेंबर २०२१ रोजी सेनेटपुढे आला. तिच्या मोजणीप्रमाणे बायडन यांना ९९ मते अधिक व ट्रम्प यांना २६१ मते कमी मिळाली. म्हणजे अंतर ४५,१०९ वरून ४५,४६९ वर गेले. निकाल बदलला तर नाहीच, उलट ३६० मतांनी दृढ झाला.

येथे वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, आणि याचे कारण अहवालाच्या उर्वरित भागात सापडते. उदाहरणार्थ, २३,३४४ टपाली मते मतदारांच्या जुन्या पत्त्यावरून दिली गेली असावीत, असे त्यात म्हटले होते. हा आकडा व्यापारी उपयोगासाठी तयार केलेल्या पत्त्यांच्या यादीशी मतदारयादी ताडून काढलेला होता. विद्यार्थी, सैन्यात असलेले वा काही काळ परगावी राहणारे मतदार कायदेशीरपणे अशा यादीत दुसऱ्या पत्त्यावर दिसू शकतात. निवडणूक कार्यालयात काम केलेल्याला हे सांगावे लागत नाही. कौंटीने जानेवारी २०२२ मध्ये सविस्तर उत्तर देऊन अहवालातील जवळजवळ प्रत्येक आक्षेप सदोष विश्लेषणावर आधारलेला असल्याचे दाखविले. परंतु ज्यांना संशय हवा होता त्यांनी आक्षेप उचलले, आणि ज्यांना निकाल हवा होता त्यांनी बेरीज उचलली. दोन्ही पक्षांनी मान्य करावी अशी योग्यता परीक्षकाच्या ठिकाणी नव्हती. त्यामुळे त्याची बरोबर आलेली बेरीजही कोणास बंधनकारक वाटली नाही.

६. एक तुलना

त्याच वर्षी न्यू हॅम्पशायर राज्यातील विंडहॅम या गावीही परीक्षण झाले. तेथे राज्य प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत मूळ मोजणी आणि फेरमोजणी यांत विलक्षण तफावत पडली होती. चार रिपब्लिकन उमेदवारांची मते प्रत्येकी सुमारे तीनशेंनी वाढली आणि एका डेमोक्रॅटिक उमेदवाराची ९९ मतांनी घटली. राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून परीक्षक नेमण्याची रीत ठरवून दिली. एक परीक्षक गावाने निवडावा, दुसरा राज्यसचिव व ॲटर्नी जनरल यांनी मिळून निवडावा, आणि या दोघांनी तिसरा निवडावा. ही रचना आपल्याकडील लवादाच्या पद्धतीची आठवण करून देणारी आहे. निवडलेल्या तिघांत संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क आणि यंत्रसुरक्षेचे तज्ज्ञ हॅरी हर्स्टी यांचा समावेश होता.

त्यांना कारण सापडले. टपालाने पाठवावयाच्या मतपत्रिकांच्या घड्या यंत्राने घालण्यात आल्या होत्या. ती घडी त्या डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या नावापुढील लंबगोलावरून गेली, आणि गणनयंत्राने घडीची रेघ मताची खूण म्हणून वाचली. त्यामुळे काही मते तिला नसताना मिळाली. आणि ज्या मतदाराने चारही रिपब्लिकन उमेदवारांस मते दिली होती, त्याच्या पत्रिकेवर पाच खुणा झाल्याचे समजून यंत्राने ती सर्व मते बाद केली. दोष खरा होता, तो सापडला, त्याचे कारण कळले आणि त्यामागे लबाडी नव्हती हेही कळले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. परीक्षणाची मागणी करणे हाच लोकशाहीचा अपमान आहे, असे मानणे चूक आहे. विंडहॅममध्ये शंका साधार होती. दुसरी अशी की, परीक्षक दोन्ही बाजूंनी मिळून निवडलेला व जाणता असला, तर दोष सापडूनही विश्वास वाढतो. तो तसा नसला, तर दोष न सापडताही विश्वास घटतो.

७. निष्कर्ष

मॅरिकोपा येथील प्रकरणात न्यायालयांनी पुष्कळ केले. चौकशीचा अधिकार कोणाचा ते त्यांनी सांगितले, कार्यपद्धती उघड करावयास लावली आणि खाजगी कंत्राटदारालाही सार्वजनिक उत्तरदायित्व आहे हे प्रस्थापित केले. परंतु हे सर्व काम चालू असताना वा संपल्यानंतर झाले. अपात्र परीक्षकाला पात्र करणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नसते. ते काम कायद्याने आधी करावयाचे असते.

असा कायदा करताना निदान चार गोष्टी निवडणुकीपूर्वी ठरलेल्या असाव्यात. परीक्षकाची किमान योग्यता व त्याच्या निवडीत सर्व पक्षांचा वाटा. परीक्षणाचा खर्च केवळ सार्वजनिक निधीतून. मतपत्रिका व यंत्रे यांच्या ताब्याची अखंड नोंद. आणि तपासणीची लिखित, जाहीर कार्यपद्धती. यांपैकी अखेरच्या गोष्टीसाठी शास्त्रीय साधनही उपलब्ध आहे. संख्याशास्त्राच्या आधारे यदृच्छेने निवडलेल्या थोड्या मतपत्रिका तपासून, निकाल चुकीचा असल्यास ती चूक नजरेतून सुटण्याचा धोका ठराविक मर्यादेत ठेवण्याची पद्धत स्टार्क यांनीच मांडली. कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून ती राज्यभर नियमितपणे लागू केली. नियमित परीक्षणात हरलेल्या पक्षाच्या रोषाला वाव राहत नाही. कारण ते कोणाविरुद्ध केलेले नसते.

निवडणुकीचा खरा हेतू जिंकलेल्याला अधिकार देणे एवढाच नाही. हरलेल्याने आपण हरलो हे मान्य करावे, यासाठी त्याला पुरेसे कारण देणे हाही आहे. ते कारण आकड्यात नसते. आकडा कोणी, कसा आणि कोणाच्या देखत काढला, यात असते.